मदत हवी आहे: बँकॉकला एकटीने, निवांत सहा दिवस

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात बँकॉकला एकटी जायचं म्हणते आहे. वय ५९. नाशिकला शाळेत तीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं, आता निवृत्त झाले. यांना प्रवासाची आवड नाही, पण "तू जाऊन ये" असं त्यांनी मनापासून म्हटलं. मुलगा पुण्यात असतो, तो मात्र काळजीत आहे. हा धागा थोडा त्याच्यासाठीही आहे.

दोन वर्षांपूर्वी एका ग्रुप टूरने परदेशी गेले होते. आठ दिवसांत इतकी ठिकाणं केली की घरी येऊन फोटो पाहताना कुठलं कुठलं ते आठवेना. एका देवळाच्या ओसरीवर टेकले होते, छान वारा येत होता, तेवढ्यात बस सुटतेय म्हणून हाका सुरू झाल्या. ती ओसरी अजून मनातून जात नाही. या वेळी मला फार काही बघायचं नाही. जे बघेन तिथे बसायचं आहे.

रोज एक ठिकाण, फार तर दोन. दुपारी खोलीवर येऊन आडवं व्हायचं. बाजारहाट नको, रात्रीचे शो नकोत. रामायणाची चित्रं बघायची फार इच्छा आहे, आणि तिथली संस्कृत नावं कानांनी ऐकायची आहेत.

अडचणी अशा. डावा गुडघा दुखतो, चालता येतं पण उंच पायऱ्या उतरणं जड जातं. मी शाकाहारी आहे, अंडंही नाही. आणि खरं सांगायचं तर हॉटेलात एकटीने जेवायला बसायची सवय नाही. इथे नाशिकलासुद्धा मी एकटी कधी बसलेली नाही.

राहायला कुठला भाग घ्यावा? सहा दिवसांत काय सोडून द्यावं? आयत्या सहलींच्या आराखड्यांत काय बघावं ते असतं, काय सोडावं ते कुणी लिहीत नाही. जाणकारांनी सांगावं.

रमतगमत

गोदाकाठताई, नोकरीनिमित्त तीन वर्षं बँकॉकला होतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर नदी आहे. चाओ फ्रायाच्या काठी खोली घ्या, बाकीचं आपोआप हळू होईल.

माझी पसंती फ्रा आथित रस्त्याला. हा आथित म्हणजे आपला आदित्य. तिथून काठाकाठाने दक्षिणेला गेलात तर फ्रा चान रस्ता लागतो, तो चंद्र. मध्ये थम्मसात विद्यापीठ, म्हणजे धर्मशास्त्र, १९३४ सालचं. सूर्य, धर्मशास्त्र आणि चंद्र एका सकाळच्या फेरफटक्यात होतात. फ्रा आथितच्या टोकाला जुना पांढरा बुरूज आणि त्याला लागून नदीकाठची बाग आहे. संध्याकाळी कॉलेजची मुलं, आजीआजोबा सगळे तिथे नुसते बसलेले असतात. तुमची ओसरी तिथे सापडेल असं वाटतं.

या भागात मेट्रो जवळ नाही, नदीतली बोट हेच वाहन. खाओ सान रस्ताही हाकेच्या अंतरावर आहे, तिथे रात्रभर गोंगाट असतो, म्हणून खोली घेताना नदीच्या बाजूची घ्या. मेट्रो हवीच असेल तर सफान ताक्सिन स्टेशनजवळ राहा. स्कायट्रेन आणि मुख्य बोटधक्का दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

बोटीबद्दल गुडघ्यासाठी एक सांगतो. नारिंगी झेंड्याची बोट रोजच्या लोकांची, स्वस्त, पण धक्क्याला क्षणभरच टेकते आणि चढता-उतरताना ती हलत असते. शिट्टी वाजली की घाई करू नका, दोराला धरून उभ्या असलेल्या माणसाला हात द्या, तो नीट उतरवतो. सकाळी आणि संध्याकाळी ऑफिसच्या वेळी टाळा. निळ्या झेंड्याची प्रवाशांसाठीची बोट थोडी महाग, पण निवांत.

रामायणासाठी अख्खी एक सकाळ राखून ठेवा. ग्रँड पॅलेसच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे (मूर्ती खरं तर हिरव्या जेडची आहे), त्याच्या चारी बाजूंच्या ओवऱ्यांत रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ भित्तिचित्रं आहेत. सुरुवात शेतात जनकाला सीता सापडते तिथून, आणि पुढे ओळीने कथा चालते. ओवरीत सावली असते. बहुतेक लोक मधल्या सोनेरी स्तूपाचे फोटो काढून निघून जातात, त्यामुळे ओवऱ्या बऱ्याच मोकळ्या असतात. साडेआठला दार उघडतं, तेव्हाच आत जा. अकरानंतर गर्दी आणि ऊन दोन्ही सोसत नाहीत. तिकीट ५०० बाटचं, त्यातच सालाचालर्मक्रुंग नाट्यगृहातला खोन नृत्याचा छोटा खेळही धरलेला असतो, खिडकीवर विचारून घ्या. मुखवटे घालून केलेलं हे रामायण युनेस्कोच्या यादीत २०१८ साली गेलं.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर चित्रांसमोर चमकाल. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतूचे दगड पळवणारी रावणाची मत्स्यकन्या सुवन्नमच्छा, म्हणजे सुवर्णमत्स्या, तिच्यावर तो भाळतो. आपल्याकडे शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्या माणसाला पहिल्यांदा हे पचत नाही. मला पचायला दोन भेटी लागल्या. आता तेच चित्र सगळ्यात आवडतं.

काय सोडावं? वात अरुणच्या (वात म्हणजे देऊळ) मधल्या शिखराच्या पायऱ्या. फार उभ्या आहेत, उतरताना गुडघा बोलेल. वात अरुण खालून बघा, चिनी मातीच्या तुकड्यांची फुलं जवळून बघण्यासारखी आहेत. सूर्यास्ताला मात्र समोरच्या काठावर था तियेनला या. अरुणाचं देऊळ आणि मावळता सूर्य त्याच्यामागे. चातुचाकचा बाजार सोडा. तरंगता बाजार दूर आहे, सोडा. आयुत्थयासुद्धा या खेपेला सोडा, तिथली भग्न देवळं एका दिवसात बघायची नाहीत.

तव्यावरची_भाकरी

रमतगमत यांनी सगळं सांगितलं, मी फक्त जेवणाचं सांगते. मीही शाकाहारीच आहे, पाच वेळा जाऊन आले.

तिथे 'भाजी' मागितली तरी वरून नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी पडतं. त्यांच्या लेखी ते मीठच, त्यात फसवणूक काही नाही. म्हणून दोन शब्द पाठ करा. पहिला 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला दिसेल. जे जेवणात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. दुसरा शब्द तुम्हाला आवडेल: मंगसविरत. मांस आणि विरती! शाकाहाराला हाच शब्द आहे, पण त्यात अंडं चालतं, म्हणून तुम्ही 'जे' म्हणा. शिवाय 'माय साय नाम प्ला', 'माय साय खाय' म्हणजे मासेपाणी नको, अंडं नको.

सिलोमला श्री महामारियम्मनचं देऊळ आहे, तिथले लोक वात खेक म्हणतात. त्याच्या आसपास दक्षिण भारतीय जेवण मिळतं. पाहुरतच्या गुरुद्वाराजवळ पंजाबी. सहा दिवसांत एखाद्या दिवशी पोळी-वरणाची आठवण येतेच, तेव्हा उपयोगी पडेल.

आणि रस्त्यावर पेरू खा. तिखट-मीठ लावून देतात, अगदी आपल्या शाळेबाहेरच्यासारखा. पेरूला ते फरांग म्हणतात, गोऱ्या माणसालाही फरांगच.

दक्षिणमुखी

सफारी वर्ल्ड आणि पट्टाया केल्याशिवाय थायलंड पूर्ण होत नाही. सहा दिवस आहेत तर दोन दिवस तिकडे काढा, पुन्हा पुन्हा जाणं होत नाही.

गोदाकाठ

दक्षिणमुखी, मनापासून धन्यवाद. पुन्हा जाणं होईल न होईल, हे खरंच. पण मला या खेपेला अपूर्णच यायचं आहे.

रमतगमत, सुवन्नमच्छा वाचून दोनदा चहा केला! एक शंका. फलकावर सुवर्णभूमी लिहिलेलं असतं, मग विमानतळाचं नाव लोक सुवन्नफूम का म्हणतात?

रमतगमत

थाई लिपीत संस्कृत शब्द जवळजवळ मूळ अक्षरांनिशी लिहितात, उच्चार मात्र थाई जिभेला वळेल तसा. लिहिलेला 'भूमि' तोंडात 'फूम' होतो, शेवटची वेलांटी नुसती लिहिण्यापुरती. नगरचं नखोन, देवचं थेप. वर्णमालेचा क्रमही क-वर्ग, च-वर्ग असाच. तुम्ही आठवडाभर आधी थाई अक्षरं नुसती ओळखायला शिकलात तरी पाट्या बोलायला लागतील. शहराच्या लांबलचक औपचारिक नावात शक्रदत्त आणि विश्वकर्मा हे दोघेही आहेत. इंद्राने दिलेलं, विश्वकर्म्याने बांधलेलं नगर.

यासाठी साओ चिंग छाला जा, म्हणजे उंच लाल झोपाळ्याची चौकट. पूर्वी तिथे ब्राह्मणांचा झोपाळ्याचा उत्सव व्हायचा, तो १९३५ साली थांबला. जवळच देवसथान, राजपुरोहितांचं देऊळ, १७८४ सालचं. समोर वात सुथत. त्याचं अंगण मोठं, शांत, आणि बसायला पडवी. माझ्या मते अख्ख्या शहरात निवांतपणासाठी याहून चांगली जागा नाही. मेट्रोचं साम योत स्टेशन चालण्याच्या अंतरावर.

एकटीच_निघाले

ताई, मी ४७ व्या वर्षी पहिल्यांदा एकटी गेले ती बँकॉकलाच. जेवायला एकटीने बसण्याची भीती मलाही होती. पहिल्या रात्री खोलीत बिस्किटं खाल्ली आणि रडले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या छोट्या दुकानात गेले, तर चार टेबलांपैकी तीन टेबलांवर एकेकटीच माणसं, एक ताट पुढ्यात घेऊन. तिथे ऑफिसातून घरी जाताना एकट्याने जेवून जाणं ही रोजची रीत आहे. कुणी वर मान करूनही बघितलं नाही. म्हणून मोठ्या रेस्टॉरंटपासून सुरुवात करू नका, हातगाडीच्या प्लास्टिकच्या स्टुलापासून करा.

वात फोला निजलेला बुद्ध बघालच, ४६ मीटर लांब, पावलांवर शिंपल्यांच्या कामात १०८ शुभचिन्हं. भिंतीलगत १०८ काशाची वाडगी ओळीने ठेवलेली असतात, लोक त्यांत नाणी टाकत जातात. तो टिणटिण आवाज ऐकत मी एका खांबाशी बराच वेळ उभी होते. त्याच आवारात मसाजची शाळा आहे. गुडघ्याचं आधी सांगा आणि दुखलं की 'बाओ बाओ' म्हणा, म्हणजे हळू.

सुरक्षेचं, तुमच्या मुलासाठी. ग्रँड पॅलेसजवळ चांगल्या कपड्यातला गोड बोलणारा माणूस "आज बंद आहे, टुकटुकने दुसरं देऊळ दाखवतो" म्हणेल. शेवटी रत्नांच्या दुकानात नेतात. त्याच्याशी न बोलता सरळ दारापर्यंत चालत जा. राजघराण्याच्या समारंभासाठी कधी कधी खरंच बंद असतं, ते आदल्या रात्री अधिकृत संकेतस्थळावर बघून ठेवा. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५. टॅक्सीत बसताना मीटर लावायला सांगा. देवळांसाठी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आपला सलवार-कमीज उत्तम. चपला सहज निघतील अशा घ्या.

पाचवा_मजला

एक राहिलं. १ मे २०२५ पासून थायलंडला जाण्याआधी डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही. विझाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या पानावर बघा. जानेवारीत हवा कोरडी आणि छान, पण काही दिवस धुरकट असते. दम्याचा त्रास असेल तर मास्क ठेवा.

गोदाकाठ

सगळ्यांचे उपकार कसे मानू कळत नाही. रात्री मुलाला हा धागा फोनवर वाचून दाखवला. ११५५ त्याने लगेच लिहून घेतला, आणि मग म्हणाला, "आई, तिकडे गेल्यावर रोज एक फोटो पाठव, झोपाळ्याचा नक्की."

फ्रा आथितजवळ नदीकडे खिडकी असलेली खोली बघून ठेवली आहे. पहिल्या दिवशी काहीच नाही, फक्त बुरुजाजवळची बाग. दुसऱ्या सकाळी रामकियेन, त्या दिवशी दुसरं काही नाही. एक दिवस वात फो आणि समोरच्या काठावरून संध्याकाळचं वात अरुण. एक दिवस वात सुथत आणि देवसथान. उरलेले दोन दिवस कोरे ठेवले आहेत, त्यांतला एक कदाचित पुन्हा ओवऱ्यांतच जाईल. कालपासून थाई अक्षरं गिरवते आहे, 'क'च्या पुढे 'ख' लागल्यावर फार आनंद झाला.

काल संध्याकाळी कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलात एकटी बसून इडली खाल्ली. वेटरने विचारलं, "अजून कोणी येणार आहे का?" मी नाही म्हटलं.

एकच प्रश्न शिल्लक आहे. रामकियेनच्या ओवऱ्यांत खाली जमिनीवर बसलेलं चालतं का, की छोटी घडीची खुर्ची सोबत न्यावी?

रमतगमत

खुर्ची नको, दारावर अडवतील. ओवरीच्या कडेला बुटका दगडी कठडा आहे, थकलेले लोक त्यावरच टेकतात. फक्त पाय बुद्धाच्या देवळाकडे पसरू नका, दुमडून बसा किंवा खाली सोडा. दुपारपर्यंत ऊन सरकतं, त्याप्रमाणे तुम्हीही सरका.