पद्मिनी डावीकडं ओढते, दोनदा अलायमेंट करून पण तेच

पद्मिनीवाला_कळंबा:
नमस्कार मंडळी. आबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, दिवाळीत ती खाली बसवून घेतली, म्हणजे पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला, मागं पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) आणि ॲक्सल (मागची चाकं जोडणारा दांडा) यांच्या मधे दीड इंचाचे ठोकळे घातले, शिवाय अलॉय आणि रुंद टायर. दिसते लय देखणी, पण तावडे हॉटेलवरनं कागलकडं निघालो की साठच्या पुढं डावीकडं ओढते, स्टेअरिंग सतत उजवीकडं धरून ठेवावं लागतं. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला गुळगुळीत झालेत. अलायमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, दोनदा केली, मशीनवर पुढचं सगळं बरोबर दाखवतंय. अजून एक, गॅस दिला की जास्त ओढते आणि पाय काढला की उलट उजवीकडं झुलते. आता गॅरेजवाले किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) बदला म्हणतायत. आबा याच गाडीतनं नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनाला जातात, त्यामुळं जिवाला घोर लागलाय.

पाटे_बुश_ग्रीस:
किंगपिनवर लगेच पैसे घालू नका. चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा, प्ले (ढिलेपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन नाहीतर बुश. आडवं धरून खटखटलं तर टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा.
आणि झिजणं वेगळं, ओढणं वेगळं. स्प्रिंग कापल्यावर गाडी बसते, वरचा विशबोन (चाक धरणारा आडवा हात) खालच्यापेक्षा आखूड असल्यानं चाकाचा माथा आत झुकतो आणि आतली कड खाल्ली जाते. पण दोन्ही बाजूला सारखाच झुकला असेल तर त्यानं गाडी ओढत नाही. ट्रेडवर तळहात आडवा फिरवा, करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, पण गेलाय. स्प्रिंगा गॅसनं कापल्या असतील तर मात्र टाकून द्या, ताव खाल्लेली स्प्रिंग बसत जाते.

उद्यमनगर_जुना_फिटर:
भावा, गॅस दिल्यावर एकीकडं आणि सोडल्यावर दुसरीकडं, हे तू शेवटी लिहिलंस पण सगळं त्यातच आहे. मागचा ॲक्सल सरकतोय. पुढच्या दोनच चाकांची अलायमेंट करणाऱ्या मशीनला हे कधीच दिसणार नाही.
सपाट फरशीवर स्टेअरिंग सरळ ठेव, चारी चाकांच्या मधल्या टोपीवरनं ओळंबा सोड, फरशीवर खडूनं खूण कर, गाडी ढकलून बाजूला काढ आणि पुढची खूण ते मागची खूण असं दोन्ही बाजूला टेपनं मोज. पद्मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं हेच अंतर, २३४० मिमी. डावी बाजू कमी भरली तर डावं मागचं चाक पुढं आलंय, मग बूड उजवीकडं जातं आणि तोंड डावीकडं.
ठोकळ्याला खाली पाट्याच्या सेंटर बोल्टचं (पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणारा बोल्ट) डोकं बसायला भोक आणि वर ॲक्सलच्या पॅडमधे (ॲक्सलच्या बुडाची बैठक) अडकायला खुंटी आहे का तेवढं बघ. खुंटी नसली तर ॲक्सल नुसत्या यू बोल्टच्या (ॲक्सल आणि पाटा आवळून धरणारा यू आकाराचा बोल्ट) दाबावर उभा असतो, आणि दाब सैल झाला की चालला. आणि हो, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नकोस, स्टँड लाव.

पद्मिनीवाला_कळंबा:
दादा, काल संध्याकाळी मोजलं. उजवी २३४०, डावी २३२८. दोनदा मोजलं, तेच. चाक काढून बघितलं तर ठोकळा सपाट, खुंटीच नाही, आणि डाव्या पॅडवर ॲक्सल घासल्याची चकचकीत रेघ. यू बोल्ट साध्या पान्यानं फिरला. हे घेऊन आबा घाटातनं गेले असते तर, या विचारानं रात्री झोप नाही लागली.

उद्यमनगर_जुना_फिटर:
ते ठोकळे काढून टाक, परत बसवू नकोस. खुंटीचे नवीन करून घे, सेंटर बोल्ट नवीन, यू बोल्ट पण नवीन. शंभर किलोमीटरनं परत आवळ, आबांना गाडी त्यानंतरच दे.

पाटे_बुश_ग्रीस:
आणि अलायमेंट सगळ्यात शेवटी. आधी ॲक्सल, मग प्ले, मग स्प्रिंगा, आणि आबा जेवढ्या माणसांना घेऊन जातात तेवढं वजन गाडीत ठेवून टो लावून घ्या.