विषय: ब्लूटूथ स्पीकर पुण्यात विकायचे तर सीई पुरतं का?

मंदार:
नमस्कार मंडळी,
धाकट्या भावाचं कोथरूडमध्ये दुकान आहे. शेन्झेनच्या एका कारखान्यातून ब्लूटूथ स्पीकर मागवून त्यावर आमचा छाप टाकायचा विचार आहे. कारखानदार म्हणतो, युरोपात माल जातो, सीईचे, म्हणजे युरोपातल्या प्रमाणचिन्हाचे, कागद तयार आहेत. तेवढ्यावर भागेल का? माल गणपतीच्या आधी हवाय.

शिरीषकाका:
मंदार, गणपती विसर. दिवाळी गाठली तरी खूप.

सीईचे कागद भारतात चालत नाहीत. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणी 2012 च्या आदेशाने आली. तेव्हा यादीत 15 वस्तू होत्या, मग ती वाढत गेली आणि ब्लूटूथ स्पीकरही त्यात आले. चाचणी भारतातल्याच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करावी लागते.

लोक फसतात ते पुढे. नोंदणी तुझ्या भावाला मिळत नाही, ती कारखान्याला मिळते आणि तीही त्या एका पत्त्यापुरती. त्याच मालकाचा शेजारच्या गावातला दुसरा कारखाना असेल तर त्याची वेगळी. शिवाय तुमचा छाप टाकणार असाल तर तो ब्रँड त्यांच्या नोंदणीत चढवून घ्यावा लागेल. कारखान्याचं भारतात ऑफिस नसेल तर इथला अधिकृत प्रतिनिधी लागतो. भाऊ ते काम करू शकेल, पण जबाबदारीही त्याच्याच गळ्यात.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी आर-नंबर, म्हणजे त्या नोंदणीचा क्रमांक, माग. आर आणि पुढे आठ आकडे. बीआयएस केअर ॲपवर टाकून पत्ता, ब्रँड, मॉडेल ताडून बघ. पुष्कळदा कागद अस्सल असतो, माल भलत्याच कारखान्याचा.

आणि खोक्यात काय काय आहे तेही मोज. आतल्या लिथियम बॅटरीची नोंदणी वेगळी, चार्जिंगच्या ॲडॉप्टरची वेगळी. व्यापारी यावर सरळ उपाय करतात: ॲडॉप्टर देतच नाहीत, नुसती केबल. ब्लूटूथ असल्याने दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस विभागाची ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, हवी. ती स्वयंघोषणेवर ऑनलाइन मिळते, मात्र रेडिओ चाचणीचा अहवाल हाताशी लागतो. एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश हे खोक्यावर छापायचं. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत आयातदार उत्पादकच धरला जातो, तेव्हा त्या नियमांखालची नोंदणी भावाच्याच नावावर.

वर्षा:
काका, एवढं सगळं? तपकीर गल्लीत बिनमार्कचा माल ढिगाने मिळतो की! सुट्टीत भारतात जाताना बॅगेतून दहा-बारा नेले तर?

शिरीषकाका:
मिळतो, मीही पाहिलाय. तो विकणाऱ्याच्या जोखमीवर. बॅगेची सवलत स्वतःच्या वापराच्या सामानाला आहे, दुकानात मांडायच्या मालाला नाही. मंदारचा माल बंदरावर उतरणार आणि कस्टम्स आर-नंबर विचारणार. अडकला की गोदीचं भाडं रोज चढतं, पुढे माल परत पाठवा नाहीतर नष्ट करा. दहा-बारा स्पीकरांसाठी हे झेपणार नाही. हजारभर घेणार असाल तरच हात घाला, नाहीतर भावाला म्हणावं, नोंदणी असलेल्या भारतीय आयातदाराकडून त्याच्याच ब्रँडचा माल घे.

मंदार:
ॲडव्हान्स थांबवला, काका. आर-नंबर मागितला तर त्याने लगेच पाठवला. ॲपवर टाकला, पॉवर बँकेचा निघाला.