खाणीतल्या उपशाने विहीर आटतेय, हे दाखवायचं कसं?

माळावरचा: विहिरीपासून अंदाजे ४०० मीटरवर खडीची खाण आहे, दोन वर्षांत खूप खोल गेली आणि आता दिवसरात्र मोटर लावून पाणी ओढ्यात सोडतात. आधी एप्रिलपर्यंत दोन परस (माणसाच्या दुप्पट उंचीइतकं) पाणी असायचं, यंदा फेब्रुवारीतच फूटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपाच्या तळाची झडप) उघडा पडला. खाणवाले म्हणतात पाऊस कमी झाला. काय करू?

पाणीपातळी: दादा, आधी मोजायला लागा. टेपला वजन बांधा, कठड्यावर रंगाने खूण करा आणि दर आठवड्याला पहाटे, तुमची मोटर चालू करायच्या आधी, पाणी किती खाली आहे ते लिहा, शेजारी पाऊस आणि खाणीची मोटर किती तास चालली तेही. खाणीपासून लांबची एक विहीर पण मोजा, नुसता पाऊस कमी असेल तर तीही तशीच उतरेल. आणि खाणीची मोटर चार दिवस बंद राहिली तर तेव्हाचं माप चुकवू नका, पाणी चढलं तर तोच मोठा पुरावा.

काळापाषाण: नुसत्या अंतरावर जाऊ नका. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, पाणी भेगांतून आणि मुरमातून फिरतं, अखंड पाषाण असेल तर जवळची विहीर वाचते, भेग जुळली तर लांबची आटते. खाणीच्या तळाची आणि विहिरीतल्या पाण्याची लेव्हल घ्या, तळ वर असेल तर दावा टिकणं अवघड.

शिवारकर: भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरला माप घेतात. जवळच्या विहिरीचे जुने आकडे मागवा.

माळावरचा: आज पहाटे पहिलं माप घेतलं, खुणेपासून ७.४० मीटर.