मित्रगटात नुकत्याच लिहिलेल्या मजकुरावर अभिप्राय द्यावेत की नाहीत?

प्रश्न

गेल्या सात महिन्यांपासून आम्ही आठ जण दर पंधरवड्याला दोन तास एकत्र बसतो. कोणी लिहिते, कोणी चित्रे काढते, एकाने वीस वर्षांनी पुन्हा बासरी हाती घेतली आहे. आमच्यात व्यावसायिक कलावंत कोणी नाही आणि कोणाला तसे व्हायचेही नाही. काही करून पाहताना स्वतःची थोडी ओळख व्हावी, एवढाच हेतू होता. पहिला निरोप मी धाडला, म्हणून संयोजनही माझ्याच गळ्यात पडले.

मध्यंतरी एका सदस्येने बैठकीतच दहा मिनिटांत लिहिलेला परिच्छेद वाचून दाखवला. आईच्या शिलाई मशीनबद्दल तो होता आणि वाचताना तिचा आवाज दोनदा अडखळला. तिने वही मांडीवर ठेवताच शेजारच्या सदस्याने, अगदी सद्भावनेने, शेवटचे वाक्य गाळले तर लेखन बांधेसूद होईल असे सुचवले आणि वहीत डोकावून 'शिलाई'मधला 'शि' ऱ्हस्व हवा, हेही सांगितले. त्यानंतरच्या तिन्ही बैठकींना ती आली, पण प्रत्येक वेळी 'आज काही आणले नाही' एवढेच म्हणाली, आणि आता आणखी दोघे तसेच म्हणू लागले आहेत. अभिप्राय बंदच करावेत का? शिवाय एखाद्याचे खासगी दुःख असे अचानक वर आले, तर आमच्यासारख्या अप्रशिक्षित माणसांनी काय करावे?

प्रतिसाद १

अभिप्राय बंद करू नका, मात्र ताजे लेखन आणि घरून हात फिरवून आणलेले लेखन यांत भेद करा. दहा मिनिटांपूर्वी कागदावर उतरलेल्या मजकुरावर सुधारणा सुचवणे म्हणजे कणीक मळतानाच पोळी कच्ची आहे अशी तक्रार करणे होय. अमेरिकी लेखिका पॅट श्नायडर यांच्या लेखनगटांच्या पद्धतीत अशा ताज्या मजकुराबद्दल फक्त काय आवडले, काय लक्षात राहिले, एवढेच सांगायचे असते. टीकेला तिथे जागाच नसते.

घरून आणलेल्या कामासाठी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास घडवलेली चार पायऱ्यांची पद्धत आम्ही वापरतो. आधी पाहणारे आपल्याला काय भावले ते सांगतात, मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो, त्यानंतर पाहणारे कलाकाराला प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नांत मत दडलेले चालत नाही, आणि शेवटी, कलाकाराने परवानगी दिली तरच, मत मांडले जाते. यातली तिसरी पायरी सर्वांत अवघड जाते. 'शेवट इतका लांबवला कशाला?' हा प्रश्न नसून प्रश्नचिन्ह लावलेला शेरा आहे, हे आमच्या गटाला कळायला बरेच महिने लागले. 'शेवटच्या वाक्यापाशी तुमच्या मनात काय होते?' असे विचारायला जीभ सहजासहजी वळत नाही. 'नाही, आज मत नको' असे कोणी पहिल्यांदा म्हटले, तेव्हा सगळे जरा अवघडले होते, पण मला वाटते, गट खऱ्या अर्थाने उभा राहिला तो त्याच दिवशी.

प्रतिसाद २

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, पण एक धोका नोंदवतो. केवळ 'छान', 'सुंदर' एवढ्यावर चालणारा गटही हळूहळू निर्जीव होतो, कारण त्या कौतुकावरून आपले काम कुणापर्यंत पोहोचले का, हे समजत नाही. शिक्षकाविना चालणाऱ्या लेखनवर्गाची कल्पना १९७३ मध्ये मांडणारे पीटर एल्बो यांचा आग्रह असा होता की ऐकणाऱ्याने निवाडा करू नये, तर ऐकत असताना आपल्या मनात क्रमाक्रमाने काय घडत गेले ते सांगावे. 'मशीनचा आवाज आला तिथे मला आमचे माळ्यावरचे सामान आठवले, आणि पुढच्या दोन ओळींत माझे लक्ष उडाले' या वाक्यात ना स्तुती आहे ना दोषदर्शन, तरीही लिहिणारीच्या हाती बरेच काही लागते.

मोजकेच लोक बोलत असतील, तर गोलाने क्रम ठेवावा, बोलायचे नसल्यास 'पुढे' म्हणण्याची मुभा द्यावी आणि संयोजक दर बैठकीला बदलावा. जास्त बोलणाऱ्याच्या हाती वेळ मोजण्याचे काम दिले की तो आपोआप आवरतो, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद ३

दुःखाच्या प्रश्नाविषयी लिहिते. वाचलेले सर्व काही, लिहिणाऱ्याने वेगळे सांगितले नसेल तर, कल्पित मानायचे, असा नियम अनेक लेखनगट पाळतात. त्यामुळे चर्चा 'तुझी आई' अशी न होता 'या परिच्छेदातली आई' अशी होते, आणि त्या एका शब्दाच्या आडोशाने माणूस मोकळेपणाने लिहू शकतो. इथले बाहेर जाणार नाही, हे वचनही नवा सदस्य आला की प्रत्येक वेळी मोठ्याने उच्चारावे. ते गृहीत धरू नये.

मानसशास्त्रातले संशोधक पेनबेकर आणि बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनावरच्या आघातांबद्दल लिहिले. पुढील काही महिन्यांत त्यांतल्या काहींना लाभ दिसला, पण लिहून झाल्या झाल्या त्यांची मनःस्थिती अधिक खालावलेली होती. म्हणून जड विषय बैठकीच्या अखेरीस कधीच देऊ नका. नंतर निदान अर्धा तास हाती राहू द्या. कोणी रडले तर सल्ल्यांचा भडिमार न करता थांबावे आणि पुढे वाचायचे का, एवढेच विचारावे. दुःख वारंवार तेच आणि तितक्याच तीव्रतेने येत असेल, तर समुपदेशकाकडे जाण्याविषयी एकांतात सुचवावे, गटासमोर नव्हे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. काल बैठकीच्या आरंभी ताज्या लेखनाचा नियम वाचून दाखवला आणि घड्याळ सांभाळायचे काम शुद्धलेखन सुधारणाऱ्या सदस्यांकडेच दिले. त्यांनी ते इतक्या निष्ठेने केले की मला स्वतःलाच दोनदा मध्ये थांबवले. त्या सदस्येने काही वाचले नाही, मात्र या वेळी वही बाहेर काढून लिहीत होती.