मॉडेल ए कापावी की कापू नये?

पाना_दहाबारा:
माझ्या शेडमध्ये सध्या १९३० सालची फोर्ड मॉडेल ए कूप उभी आहे. उभी म्हणजे चार ठोकळ्यांवर टेकवलेली. दारं अजून खटकन लागतात. छपराचं कापड केव्हाच गेलं, पण चौकट सरळ आहे. बाकी फ्लोअरला हात लावला की भुगा, मागचं एक मडगार्ड गायब आणि इंजिनाच्या ब्लॉकला वीतभर तडा. हिची हॉट रॉड करायचा बेत आहे: मडगार्ड उतरवायची, पुढचा ॲक्सल खाली घ्यायचा, छप्पर तीन इंच कापून बसकं करायचं आणि शेवरोलेचं ३५० (घनइंचाचं, आठ सिलिंडरचं) व्ही-८ इंजिन बसवायचं. घरीच, सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं.

हे ऐकून दोन मित्रांनी अशी तोंडं केली की जणू मी देवळाचा कळस विकायला काढलाय. माझं म्हणणं सरळ आहे. १९२७ ते १९३१ या काळात मॉडेल ए ४८ लाखांवर बनल्या, माझी काही शेवटची नाही. आणि हॉट रॉड हा आजचा थिल्लरपणाही नव्हे. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं हेच करत होती. पडेल भावात फोर्ड घ्यायची, वजन कमी करायला मडगार्ड-बॉनेट काढायचं आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पिळायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटनाही काढली. कारखान्यातून आली तेवढाच गाडीचा इतिहास, आणि नंतर कुणी तिच्यावर हात काळे केले तो इतिहास नाही?

जुनाट:
४८ लाखांचा आकडा दर वेळी तोंडावर फेकला जातो. बनल्या किती हा प्रश्नच नाही हो, न कापलेल्या उरल्या किती हा आहे. आणि त्या पोरांशी तुमची तुलना कशी होईल? त्यांच्यापुढे सात-आठ वर्षं वापरलेली जुनी गाडी होती. तुमच्यापुढे नव्वदी ओलांडलेली आहे.

मॉडेल एची पेट्रोलची टाकी कुठे असते माहीत आहे ना? समोरच्या काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या पाठीमागे. झाकण काचेच्या बाहेर. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरात उतरतं. डॅशबोर्डवरचा काटा म्हणजे टाकीतल्या फ्लोटचंच दुसरं टोक. तारा नाहीत, काही नाही. त्या काळी माणसाने किती कमी सामानात भागवलं हे बघायचं तर गाडी अख्खी लागते. व्ही-८च उडवायचा असेल तर जुन्या घाटाच्या नव्या स्टील बॉड्या मिळतात, फायबरच्याही मिळतात. त्या काय हव्या तशा कापा.

पाना_दहाबारा:
जुनाटकाका, गुडघ्यांवर पेट्रोलची टाकी घेऊन बसायचं, हे तुम्ही गाडी न बदलण्याचं कारण म्हणून सांगताय?

ब्रेकचं तर बोलूच नका. पेडलपासून चाकांपर्यंत नुसते रॉड. फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक दिले ते १९३९ साली. आजच्या रहदारीत समोरच्याने डिस्क ब्रेक दाबले की मी काय रॉड ओढत बसू?

कार्ब्युरेटर:
पानावाल्यांना +१. काका, ज्यांना तुम्ही नावं ठेवताय त्या कापाकापी करणाऱ्यांनीच हजारो बॉड्या भंगाराच्या प्रेसमधून ओढून आणल्या. नव्वद वर्षांपूर्वीचा फ्लोअर पॅन (तळाचा पत्रा) आज नवा मिळतो, कारण त्याला गिऱ्हाईक आहे, आणि त्यातले निम्मे तरी हॉट रॉडवालेच असतील. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोक हातमोजे घालून नटबोल्ट तपासतात, तिथेसुद्धा १९९७ साली हॉट रॉडचा वेगळा वर्ग सुरू झाला. तुमचं सोवळं त्यांच्याहून कडक आहे.

ठिणगी:
तुम्ही मंडळी संस्कृतीवर भांडा. मी वेल्डिंगवाला, मला भलतीच काळजी.

छप्पर कापण्यात मॉडेल ए त्यातल्या त्यात गरीब. खांब जवळजवळ उभे आणि काचा सपाट, त्यामुळे वरचा भाग बराचसा जागेवर उतरतो. ज्यांचे खांब कलते असतात त्या गाड्यांना छप्पर चौफाक करून मध्ये पट्ट्या भराव्या लागतात. पण आतलं लाकूड आधी काढा, नाहीतर वेल्डिंग बाजूला आणि आग विझवणं सुरू. पत्र्याला सलग शिवण मारू नका. एक टॅक (वेल्डिंगचा ठिपका) इथे, पुढचा वीतभर लांब, हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. घाई केली की पत्रा पापडासारखा उठतो, मग वर्षभर पुट्टी घासत बसा.

हे सगळं शोभेचं झालं. खरी मेख खाली आहे. मॉडेल एची चासी म्हणजे पातळ, एका बाजूने उघडी पन्हळ. ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी केलेली. तिच्यात अडीचशे हॉर्सपॉवरचं धूड टाकून ॲक्सिलरेटर दाबला की चासी पिळवटते आणि तुमची खटकन लागणारी दारं त्या दिवसापासून लागत नाहीत. उघडी बाजू प्लेटने बंद करावीच लागते. पण त्याआधी चासी लेव्हलला घेऊन दोन्ही कर्ण मोजा. वाकडी चासी बंद केली तर ती कायमची वाकडी.

आता ब्रेक. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) फ्लोअरखाली गेला की तो कॅलिपरच्या, म्हणजे चाकाजवळच्या डिस्क आवळणाऱ्या भागाच्याही खाली येतो, आणि ऑइल हळूहळू परत उतरतं. सकाळी पहिला पेडल थेट जमिनीला. त्यासाठी लाइनमध्ये छोटा व्हॉल्व्ह लागतो, डिस्कला २ पीएसआय दाब धरून ठेवणारा, ड्रमला १० चा. दिसायला बोटभर, पण अनेकांच्या गाडीत नसतो. जुन्या ब्रेक शूची धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. आणि क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग? कधीच नाही. त्यातून फॉस्जीन निघतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू.

छपरावर खुशाल हात साफ करा. स्टिअरिंगच्या भागांवर वेल्डिंग शिकू नका एवढंच.

जुनाट:
ठिणगी, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! इतकं सगळं बदलायचं तर जुन्यातलं उरतं काय? कपाळावरचं कुंकू.

ठिणगी:
मी कुणाचीच बाजू मांडत नाहीये काका. रॉडचे ब्रेक जुळवून दिलेत मी, नीट जुळवले तर चारही चाकं धरतात. पण ते दर थोड्या दिवसांनी जुळवत बसणारा मालक लागतो. तो हा पोरगा नव्हे.

अर्धवटराव:
नावावरून ओळखलं असेलच. माझी गाडी अकरा वर्षं खोक्यांत आहे. एका शनिवार-रविवारी सगळी सुटी केली, काय उत्साह! फोटो काढले नाहीत, बोल्ट एकाच डब्यात टाकले. मूळ ठेवू की हॉट रॉड करू, हा वाद सुटायच्या आत गाडी सुटली. परवा त्या डब्यातून एक कंस निघाला. दोन भोकं, एका टोकाला रबर. वीस मिनिटं हातात फिरवला, कशाचा आहे आठवेना.

पानावाले, कापायचं की नाही ते नंतर ठरवा. रंगाच्या आधी सगळी गाडी कोऱ्या पत्र्यात एकदा पूर्ण जोडा. इंजिन, रेडिएटर, पेडल, सीट, सगळं. सीटवर बसून क्लच दाबून बघा. माझ्या ओळखीतल्या एकाचा गुडघा स्टिअरिंगला लागतो हे त्याला रंग वाळल्यावर कळलं. छप्पर तीन इंच खाली आणणार आहात, तर डोकं कुठे जाणार तेही मोजा.

जुनाट:
चला, एक मधला मार्ग सुचवतो, पटला तर बघा. छप्पर कापू नका. बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं तेवढंच बदला: खाली घेतलेला ॲक्सल, हायड्रॉलिक ब्रेक. चार सिलिंडरचा दुसरा ब्लॉक शोधा, त्यालाही वेगाचं सामान मिळतं. त्या तळ्यावरच्या पोरांनी आधी चार सिलिंडरच पळवले होते. उद्या तुमचा विचार बदलला, किंवा गाडी दुसऱ्याच्या हाती गेली, तर परत फिरता येईल.

आणि चासीचा नंबर डाव्या पट्टीवर, बॉडीच्या खाली दडलेला असतो. बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. प्लेट मारायच्या नादात ग्राइंडर फिरवून तो घालवू नका. कापलेल्या गाडीलाही जन्मदाखला लागतो.

कार्ब्युरेटर:
काका आज चक्क हॉट रॉडला सामान सुचवताहेत. तारीख लिहून ठेवा रे.

पाना_दहाबारा:
काल दोघांना बोलावून बॉडी उचलली. नंबर सापडला, गंजाखाली पण वाचता येतो. मग ठिणगींचं ऐकून टेप लावला. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ९ मिलिमीटर जास्त. तीनदा मोजलं, तेवढाच. म्हणजे हिला केव्हातरी कुणीतरी जोरात ठोकलंय आणि ती तशीच चालवलीय.

छपराला तूर्त हात लावत नाही. काका, तुमचं ऐकून नव्हे, चासी गुण्यात नसताना वर काय कापणार! टाकी मात्र मागे जाणार म्हणजे जाणार.

ठिणगी:
पुढून की मागून? आधी मागच्या क्रॉस मेंबरचे (चासीच्या आडव्या पट्टीचे) रिव्हेट हातोडीने वाजवून बघ. बद्द आवाज आला तर तिथेच ढिलं आहे. आणि हो, मोजताना चासी ठोकळ्यांवर होती की जमिनीवर?