मलाक्काच्या सामुद्रधुनीतली गस्त नेमकी कोणाची?

भूगोलप्रेमी : मलाक्काच्या सामुद्रधुनीत चाचेगिरी रोखण्यासाठी इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर २००४ पासून गस्त घालतात आणि २००८ मध्ये थायलंडही त्यात सामील झाला, असे वाचनात आले. सागरी हद्दीबाबत इतके हळवे असलेले हे देश एकाच गस्तीत कसे नांदतात? एकाची नौका पाठलाग करत दुसऱ्याच्या हद्दीत शिरली, तर काय होते?

ओहोटी : शिरत नाही, हेच उत्तर. ही गस्त संयुक्त नसून समन्वित आहे. प्रत्येक नौदल आपापल्या पाण्यात फिरते आणि संशयित होडी सीमारेषेकडे वळली, की पलीकडच्यांना कळवून पाठलाग त्यांच्यावर सोपवते. सवलत मिळाली ती आकाशात. सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या हवाई टेहळणीत विमानाला शेजाऱ्याच्या हद्दीवरून उडता येते, मात्र किनाऱ्यापासून तीन सागरी मैल दूर राहून. ओसरीपर्यंत या, माजघरात नको, असा हा मामला आहे. हे सारे केवळ शेजारधर्मातून घडले असेही नाही. अमेरिकेने २००४ मध्ये येथील सुरक्षेत हातभार लावण्याची भाषा केली, ती इंडोनेशिया व मलेशिया यांना रुचली नाही. शिवाय जून २००५ मध्ये लंडनच्या विमा बाजारातील युद्धजोखीम समितीने ही सामुद्रधुनी धोक्याच्या यादीत घातली आणि विमाहप्ते वाढण्याची चिन्हे दिसू लागली. ऑगस्ट २००६ मध्ये नाव यादीतून निघाले.

शंकासुर : चाचेगिरी घटली, याचे सगळे श्रेय गस्तीला देणे मला पटत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाशी असलेल्या आचे या इंडोनेशियन प्रांताचा किनारा उद्ध्वस्त केला आणि ऑगस्ट २००५ च्या करारानंतर तेथील बंडही शमले, हे विसरू नये.

दर्यावर्दी : मी व्यापारी जहाजावर नोकरी करतो. सिंगापूरच्या सामुद्रधुनीतील फिलिप चॅनेल रात्री ओलांडताना आजही आम्ही मागच्या डेकवर जादा पहारा ठेवतो, पाण्याचे होज कठड्याबाहेर सोडून चालू ठेवतो आणि इंजिनरूमकडची दारे आतून लावून घेतो, कारण चोरांचा डोळा बहुधा इंजिनाच्या सुट्या भागांवर असतो. चॅनेलचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम २.८ किलोमीटर रुंद आहे. वर सांगितलेला, सीमारेषेपाशी पाठलाग पलीकडच्यांवर सोपवण्याचा नियम चोरांनाही पाठ असावा; रेडिओवर निरोप जाऊन पलीकडची नौका निघेपर्यंत त्यांची होडी बेटांच्या आडोशाला दिसेनाशी झालेली असते.