सीएनजी वॅगनआरला इरिडियम स्पार्क प्लग घालावेत का?

मिरजकर: जुनी वॅगनआर, सीएनजीवर, रोज मिरज-कोल्हापूर. चढावर गिअर बदलला की धक्के देते. मेकॅनिक म्हणतो, इरिडियम प्लग टाका, पिकअप वाढेल. साध्या प्लगच्या कितीतरी पट भाव आहे. खरंच फरक पडतो का?

गॅरेजवाले काका: पिकअप वाढेल हे विसरा, ताकद प्लगमधून येत नाही. इरिडियम हा धातू वितळतो साधारण २४४६ अंश सेल्सिअसला, प्लॅटिनम १७६८ला, निकेल १४५५ला. म्हणून इरिडियमचं टोक ०.६ मिमीइतकं बारीक करता येतं, निकेलचं २.५ मिमीच्या आसपास असतं. बारीक टोकाला ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे तुमच्या गाडीला थोडा उपयोग होईल. पण आधी जुने प्लग काढून गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, मोजा. टोक झिजलं की गॅप वाढते आणि मग असेच धक्के बसतात. ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी कॉइल आणि एअर फिल्टरही बघा.

पेट्रोलप्रेमी: दुकानात ‘कॉपर’ म्हणून देतात ते निकेलच, तांबं फक्त आतल्या गाभ्यात. आणि तो गाभा महागड्या प्लगमध्येही असतोच!

मिरजकर: काका, मग काय घेऊ?

गॅरेजवाले काका: गाडी वर्षभरात विकणार असाल तर निकेल. ठेवणार असाल तर इरिडियम, निकेलपेक्षा बरेच जास्त टिकतात. हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते, मात्र मॅन्युअलमधलीच. एनजीके कंपनीच्या प्लगवरचा हीट रेंजचा आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर टाकणारा, बॉश कंपनीचं नेमकं उलटं. इरिडियमची गॅप ठोकून कमी करायला जाऊ नका, टोक तुटतं.